पिस्तुलातला गॅस जातो कुठे?

गॅसवर किंवा हवेवर चालणारं पिस्तूल म्हटलं की एक तक्रार ठरलेली. "अरे, कालच फुल्ल भरला होता, आज निम्म्या फैरीसुद्धा झाल्या नाहीत!" मग गॅसला नावं ठेवायची, दुकानदाराला शिव्या घालायच्या आणि हातात येईल तो स्क्रू पिळायचा. मित्रांनो, थोडं थांबा. सेकंड इयरला थर्मोत जे रट्टा मारून लिहिलं, ते वापरायची हीच वेळ आहे!

गॅस कमी पडण्याची कारणं तीनच: थंडावा, गळती आणि उधळपट्टी. तिन्हींची लक्षणं वेगळी, म्हणून आधी निदान करायचं आणि मगच पाना उचलायचा.

थंडावा

एअरसॉफ्टच्या गॅस पिस्तुलात मॅगझिनमध्ये द्रव प्रोपेन असतो ('ग्रीन गॅस' म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि थोडं सिलिकॉन तेल). प्रत्येक फैरीला थोडा द्रव उकळून वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता मॅगझिनमधूनच घेतो. हिशेब करून बघा. १ ग्रॅम प्रोपेनच्या बाष्पीभवनाला सुमारे ३४० जूल लागतात. मॅगझिनमध्ये १० ग्रॅम प्रोपेन आणि २०० ग्रॅम जस्ताचा मिश्रधातू धरला, तर दर ग्रॅममागे तापमान साधारण ३ अंशांनी उतरतं. भराभर ३ ग्रॅम उडवला की ३० अंशांचं मॅगझिन २० वर येतं आणि दाब १०.८ बारवरून ८.४ वर! स्लाइड रेंगाळते. वर दाब कमी झाल्याने हॅमरच्या ठोक्याला व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो, म्हणजे गॅस आणखीच वाया.

ओळखायचं कसं? पाच मिनिटं मॅगझिन खोलीच्या तापमानाला ठेवा. जोर परत आला तर दोष पिस्तुलात नाही, आपल्या घाईत आहे. मात्र गरम पाण्यात किंवा स्टोव्हजवळ मॅगझिन तापवायचा आचरटपणा नको.

कार्बन डायऑक्साइडची गंमत उलटी. त्याचं क्रांतिक तापमान ३१ अंश. सानपाड्याच्या मे महिन्यात ते सहज ओलांडलं जातं, दाब झपाट्याने चढतो आणि कधी कधी हॅमरला व्हॉल्व्ह पुरेसा उघडताच येत नाही. भरपूर दाब असूनही छर्रा हळू जातो, तो असा.

गळती

आता १० मीटर एअर पिस्तुलाकडे येऊ. ऑलिंपिकमध्ये असतं ते हेच. यात द्रव नसतो, सुमारे २०० बार दाबाची हवा असते. सिलिंडरमधून हवा रेग्युलेटरमध्ये येते, तिथे दाब उतरतो, मग व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि ४.५ मिमीचा छर्रा निघतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने, म्हणजे ऊर्जा जेमतेम साडेपाच जूल.

इथे पहिला चकवा भरतानाच बसतो. घाईने भरलं की हवा तापते. आतली हवा ५० अंशांवर असताना काटा २०० दाखवत असेल, तर २७ अंशांपर्यंत निवल्यावर तो १८६ च्या आसपास येतो. १४ बार 'गेले', पण गळती शून्य! म्हणून हळू भरा आणि निवल्यावर वाचा.

तरीही संशय असेल तर सिलिंडर काढून वेगळा ठेवा. २४ तासांनी, त्याच वेळी काटा पाहा. उतरला, तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये. तसाच राहिला, पण पिस्तुलाला जोडून ठेवल्यावर उतरतो, तर जोडाची ओ-रिंग, रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्हची बैठक यांपैकी एक दोषी. जोडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवला की बुडबुडे चोर दाखवतात. एअरसॉफ्टचं मॅगझिन असेल तर ते पाण्यात बुडवून पाहा: बुडबुडे भरायच्या व्हॉल्व्हमधून, बाहेरच्या व्हॉल्व्हमधून की तळाच्या गॅस्केटमधून? रबर कोरडं पडलं असेल तर सिलिकॉन तेलाच्या दोन थेंबांनी पुष्कळदा काम होतं. उच्च दाबाच्या हवेच्या जोडाला मात्र खनिज तेल लावू नका. दाबाने हवा तापते आणि तेल पेट घेऊ शकतं.

उधळपट्टी

काटा स्थिर, तरी फैरी कमी? मग वेग मोजायचं यंत्र, म्हणजे क्रोनोग्राफ हवा. वेग वाढलाय आणि फैरी घटल्यात, तर रेग्युलेटरचा दाब किंवा हॅमरचा ठोका जास्त आहे. वेगही घटलाय आणि फैरीही, तर हवा छर्ऱ्यामागून निसटतेय. रेंजवर, नळी लक्ष्याकडे ठेवून, ब्रीचवर टिश्यूची पट्टी ठेवा आणि बोटं लांब. फैरीला पट्टी फडफडली की ब्रीचची ओ-रिंग बदला. थांबून मारलेली पहिलीच फैर दरवेळी वेगळी येत असेल, तर रेग्युलेटरमधून दाब हळूहळू झिरपतोय. तो तज्ज्ञाकडेच द्या.

आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे पावसाळा. जुलैतल्या एक घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम बाष्प असतं. १०० मिलिलिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला २० लिटर हवा जाते, म्हणजे अर्धा ग्रॅम पाणी! कोरडा फिल्टर नसेल तर ते आत साठतं आणि रेग्युलेटर गंजवतं.

एवढी उठाठेव कशाला? स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० फैरी असतात आणि सरावाच्या फैरी वेगळ्या. मध्येच दाब पडला तर छर्रा खाली जातो आणि दोष हाताला दिला जातो. यंत्र बिघडल्याची किंमत मनू भाकरने टोकियोत, २०२१ साली, मोजली. पात्रता फेरीत पिस्तूल बिघडलं, वेळ गेला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने कांस्य मिळवलं. आपल्या हार्बर लाइनच्या शेवटच्या स्टेशनावरच्या, पनवेलच्या सुमा शिरूर २००४ साली अथेन्सच्या एअर रायफल फायनलला पोचल्या होत्या. त्या खेळातही दाबाची शिस्त हीच.

शेवटचं, आणि हे हॉस्टेलवाल्यांनी नीट वाचावं. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो आणि हवेत २ टक्क्यांच्या आसपास झाला की पेटतो. बंद खोलीत, मच्छर अगरबत्तीशेजारी मॅगझिन भरायचं नाही. मेसच्या सिलिंडरमधून तर मुळीच नाही. हवेच्या सिलिंडरवरची मुदत (बहुधा १० वर्षं) संपली की तो बाद, "अजून चांगला दिसतोय" चालत नाही. फैरी दहा कमी झाल्या तरी चालतील, बोटं मात्र दहाच्या दहा राहिली पाहिजेत!