पदकं मोजण्याआधी

भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक कोणाचं, असं विचारलं की बीजिंग २००८ आणि अभिनव बिंद्रा हे उत्तर पटकन येतं. ऑलिंपिकपुरतं ते बरोबर आहे. पण त्याच्या ३६ वर्षं आधी, १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहले आणि विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले. लष्करात ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग लुळा पडला आणि त्यानंतर ते पाण्यात उतरले. ‘चंदू चॅम्पियन’ या २०२४ च्या चित्रपटाने त्यांचं नाव घरोघरी पोचवलं.

ही शर्यत म्युनिकला झाली, असंही अनेकांना वाटतं. ती झाली हायडेलबर्गला, आणि ऑलिंपिकच्या आधी, ऑगस्टच्या सुरुवातीला. म्युनिकच्या ऑलिंपिक क्रीडाग्रामातल्या सदनिका खेळ संपताच खासगी घरांसाठी द्यायच्या होत्या, म्हणून पॅरालिंपिकला दुसरं गाव शोधावं लागलं.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो तीन वेगळ्या स्पर्धा एकच समजण्यात. कर्णबधिर खेळाडू पॅरालिंपिकमध्ये खेळत नाहीत. त्यांची डेफलिंपिक्स १९२४ साली पॅरिसमध्ये सुरू झाली, म्हणजे पॅरालिंपिकच्याही कितीतरी आधी. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीची स्पेशल ऑलिंपिक्स १९६८ पासूनची. तिथे आधी खेळाडूंची क्षमता पाहून जास्तीत जास्त आठ जणांचे गट पाडतात आणि प्रत्येक गटातल्या पहिल्या तिघांना पदकं मिळतात. त्यामुळे २०२३ साली बर्लिनच्या स्पेशल ऑलिंपिक्समधून भारताने आणलेली २०२ पदकं आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमधली २९ पदकं एकाच तागडीत टाकता येत नाहीत. तशी तुलना केली की दोन्हीकडच्या खेळाडूंवर अन्याय होतो.

संघ छोटा म्हणजे कामगिरीही छोटी, हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. १९८४ च्या पॅरालिंपिकमध्ये भारताचे पाचच खेळाडू होते. पदकं आली चार, त्यांतलं भालाफेकीचं रौप्य भीमराव केसरकरांचं. २००८ मध्येही पाचच जण गेले आणि रिकाम्या हाती परतले. २०१२ च्या लंडनला दहा जणांचा चमू होता, आणि एकमेव पदक आणलं कर्नाटकच्या हासन जिल्ह्यातल्या गिरीशा नागराजेगौडा यांनी. उंच उडीत त्यांनी १.७४ मीटर पार केले. सुवर्ण जिंकणाऱ्या फिजीच्या इलिएसा डेलानाची उंचीही तेवढीच होती. फक्त चुकलेल्या उड्यांच्या हिशेबात तो सरस ठरला. त्या वेळी अख्ख्या फिजीचा संघ म्हणजे तो एकटाच, आणि त्याच्या देशाचं ते पहिलं पॅरालिंपिक पदक. भारताचा चमू पुढे टोकियोत ५४ आणि पॅरिसमध्ये ८४ जणांचा झाला.

‘दिव्यांग आहे ना, मग खेळू द्या’ एवढ्यावर पॅरालिंपिकमध्ये कोणाला प्रवेश मिळत नाही. वर्गीकरण करणारे तज्ज्ञ हालचाल, ताकद, दृष्टी काटेकोर तपासतात. पॅरिसमध्ये १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्य मिळवणारे सचिन खिलारी, तेही सांगली जिल्ह्याचेच, एफ ४६ या हाताच्या अक्षमतेच्या गटात होते. टोकियोत विनोद कुमार यांनी थाळीफेकीत मिळवलेलं कांस्य मात्र गेलं, कारण ते त्यांच्या गटासाठी पात्र नसल्याचा निर्णय झाला. ही कठोरता क्रूर वाटू शकते, पण तिच्यावाचून शर्यतीला अर्थच उरला नसता.

आता पैशाची गोष्ट, आणि इथे बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या मराठी वाचकांचा थेट संबंध येतो. पेटकरांच्या काळात माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्यासारख्यांच्या मदतीवर परदेशवारी अवलंबून असे. आज कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, सीएसआर म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा निधी कशावर खर्च करता येतो त्या यादीत, ‘पॅरालिंपिक खेळ’ नाव घेऊन लिहिलेले आहेत. निर्धारित मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात. परदेशातला खर्च यात धरत नाहीत, हे खरं. पण देशाचं किंवा राज्याचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या परदेशी प्रशिक्षणाला २०२१ च्या नियमांत स्पष्ट सूट आहे. जर्सीवर नाव झळकवून जाहिरात साधण्यासाठी दिलेला पैसा मात्र सीएसआरमध्ये मोजला जात नाही. तेव्हा इन्फोसिसच्या आवारात असो की शेजारच्या छोट्या कंपनीत, ज्यांच्या टेबलावर असा प्रस्ताव येतो, त्यांनी ‘हे आमच्या यादीत बसत नाही’ म्हणण्याआधी ती अनुसूची उघडून पाहावी.