निवडून कोण येईल, की निवडावे कोणाला?

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची पुढील निवडणूक 7 नोव्हेंबर 2028 रोजी व्हावयाची आहे. त्या देशाच्या राज्यघटनेच्या 22 व्या दुरुस्तीनुसार कोणाही व्यक्तीस दोनहून अधिक वेळा अध्यक्षपदी निवडून येता येत नाही. 2016 व 2024 साली विजयी झालेल्या डोनाल्ड ट्रम्प यांचा मार्ग त्यामुळे बंद आहे आणि दोन्ही प्रमुख पक्षांस उमेदवाराचा शोध घेणे भाग आहे. असा शोध सुरू झाला की सामान्य पक्षसभासदापासून वृत्तपत्री पंडितांपर्यंत सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. अध्यक्षपदास लायक कोण, हा तो प्रश्न नव्हे. निवडून कोण येईल, हा तो प्रश्न होय.

महाराष्ट्रातील वाचकास या प्रश्नाची ओळख करून देण्याचे कारण नाही. उमेदवारी वाटताना 'निवडून येण्याची क्षमता' या भारदस्त शब्दप्रयोगाखाली कोणकोणते हिशेब चालतात, हे तो वर्षानुवर्षे पाहत आला आहे. फरक इतकाच की आपल्याकडे हा हिशेब पक्षश्रेष्ठी बंद दाराआड करतात, तर अमेरिकेत प्रायमरी नावाच्या पक्षांतर्गत मतदानामुळे तो लक्षावधी सामान्य मतदारांस करावा लागतो. श्रेष्ठींनी तो केला तर ते त्यांचे कामच आहे. मतदार तो करू लागतो तेव्हा मात्र मताचे स्वरूपच पालटते. केन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1936 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात शेअरबाजाराला वृत्तपत्री सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली होती. शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर मुखे निवडावयाची, पण बक्षीस मिळणार ते ज्याची निवड बहुसंख्यांच्या निवडीशी जुळेल त्याला. साहजिकच स्पर्धक आपल्याला आवडलेला चेहरा सोडून देतो आणि इतरांना कोणता आवडेल याचा तर्क करू लागतो. ते इतरही तोच उद्योग करीत असतात! प्रायमरीतील मतदाराची गत याहून निराळी नाही.

या तर्कात दोष असा की शेजाऱ्याच्या मनाविषयी आपण बांधलेली अटकळ बहुधा कालच्या अनुभवावर उभी असते. 1928 साली अल् स्मिथ हे कॅथलिक गृहस्थ डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभे राहिले आणि हूव्हर यांच्याकडून सपाटून पराभूत झाले. तेव्हापासून कॅथलिक मनुष्य अध्यक्ष होऊ शकत नाही, हे पक्षधुरीणांनी सिद्धांतासारखे मानले. 1960 साली जॉन केनेडी यांनी विस्कॉन्सिन राज्यातील प्रायमरी जिंकली, तेव्हाही ही तर कॅथलिक वस्तीची मते, अशी त्यांची बोळवण करण्यात आली. मग केनेडी वेस्ट व्हर्जिनिया या खाणकामगारांच्या गरीब राज्यात गेले. तेथे कॅथलिकांची वस्ती नगण्य होती आणि समोर ह्यूबर्ट हंफ्री यांच्यासारखा कामगारांचा जुना कैवारी होता. केनेडींनी धर्माचा विषय टाळला नाही. आपण आरमारात दाखल झालो तेव्हा आपला धर्म कोणी विचारला नव्हता, हे त्यांनी मतदारांस रोखठोक सांगितले. त्यांच्या पित्याची तिजोरीही त्या मोहिमेत सताड उघडी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु 10 मे रोजी त्यांना मोठे मताधिक्य मिळाले आणि हंफ्री यांनी माघार घेतली. ज्या प्रॉटेस्टंट शेजाऱ्याच्या नावाने बत्तीस वर्षे भीती घातली जात होती, त्याला प्रत्यक्ष विचारताच तो वेगळेच बोलला.

याचा अर्थ निवडून येण्याचा विचारच वर्ज्य मानावा असा नव्हे. 1972 साली डेमोक्रॅट पक्षाने मस्की यांच्यासारख्या मध्यममार्गी नेत्यास बाजूला सारून व्हिएतनाम युद्धाचे कडवे विरोधक मॅक्गव्हर्न यांना उभे केले. पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत निक्सन जिंकले. ती जखम त्या पक्षाच्या अंगावर अजून आहे.

परंतु सावधपणाही पराभवापासून वाचवीलच असे नाही. 2004 चे उदाहरण आम्हांस सर्वांत बोधक वाटते. इराक युद्धाला उघड विरोध करणारे हॉवर्ड डीन यांच्यावर डेमोक्रॅटिक कार्यकर्त्यांचे मन जडले होते. तरीही जानेवारीत आयोवा राज्यात मतदानाची वेळ आली, तेव्हा मने आवरली गेली. युद्धकाळातील अध्यक्षाला युद्धात पराक्रम गाजविलेला प्रतिस्पर्धीच हवा, असा विचार झाला आणि व्हिएतनाममध्ये शौर्यपदके मिळविलेले जॉन केरी पहिले आले. डीन तिसऱ्या क्रमांकावर गेले. बुश हे व्हिएतनामला गेलेच नव्हते, तेव्हा हे कवच अभेद्य वाटले. ऑगस्ट महिन्यात विरोधकांच्या जाहिरातींनी नेमका त्या पदकांवरच घाव घातला. शिवाय, युद्धास मुभा देणाऱ्या 2002 च्या ठरावाला स्वतः मत दिलेले केरी त्याच युद्धावर टीका करताना अडखळू लागले. अखेर ओहायो राज्यात सुमारे एक लाख अठरा हजार मतांनी अध्यक्षपद हुकले. डीन निवडून आले असते, असा आमचा दावा नाही. ते कोणासच सांगता यावयाचे नाही. परंतु ज्यांनी मनातला उमेदवार टाकून व्यवहार पाहिला, त्यांच्या पदरी मनाजोगा उमेदवारही पडला नाही आणि विजयही नाही.

मतचाचण्यांचा आधार घ्यावा, तर तोही आरंभीच्या काळात ठिसूळ ठरतो. 1988 च्या जुलैमध्ये गॅलपच्या चाचणीत डुकाकिस सतरा टक्क्यांनी पुढे होते. नोव्हेंबरात थोरल्या बुश यांनी चाळीस राज्ये जिंकली.

त्यातून अमेरिकेत 'निवडून येणे' म्हणजे अधिक मते मिळविणेही नव्हे. निर्वाचक मंडळाच्या 538 मतांपैकी 270 मिळवावी लागतात आणि ती राज्यवार मिळतात. 2016 साली हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्याहून सुमारे 28 लाख मते अधिक पडली. मिशिगन, विस्कॉन्सिन व पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतील मिळून अवघ्या 78 हजार मतांनी त्यांचा पराभव केला. या निकालावरून पुष्कळ डेमोक्रॅटांनी काय अनुमान काढावे? स्त्री निवडून येत नाही! दुधाने तोंड पोळले म्हणून ताक फुंकून पिणे समजू शकते, परंतु ज्या स्त्रीला देशात सर्वाधिक मते पडली तिच्या नावाने हे अनुमान काढावे, हा प्रकार विचित्रच म्हटला पाहिजे. 'माझी काही हरकत नाही हो, पण लोक मानणार नाहीत,' या वाक्याची खुबी अशी की ते उच्चारणाऱ्याच्या अंगाला पूर्वग्रहाचा डाग लागत नाही आणि पूर्वग्रहाचे काम मात्र बिनबोभाट पार पडते.

तथापि हेच वाक्य कोण बोलतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. 2020 साली जो बायडेन आयोवात चौथे व न्यू हँपशायरमध्ये पाचवे आले होते. 29 फेब्रुवारी रोजी दक्षिण कॅरोलायनातील कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना उचलून धरले आणि पारडे फिरले. गोऱ्या शेजाऱ्याचे मन किती विशाल आहे, याचा अनुभव त्या मतदारांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला आहे. ज्याचे जळते त्याला कळते. त्यांच्या निर्णयाला भित्रेपणा म्हणण्यास आम्ही तयार नाही. बायडेन 306 विरुद्ध 232 मतांनी विजयी झाले. ॲरिझोना, जॉर्जिया व विस्कॉन्सिन येथील एकंदर 43 हजार मते फिरली असती, तर मात्र दोन्ही बाजू 269 वर अडकल्या असत्या.

आणि ज्यांची निवड केवळ 'हेच निवडून येतील' या एका गुणावर झाली, त्या बायडेन यांना चार वर्षांनी, 27 जून 2024 च्या वादसभेनंतर, निवडून येणार नाहीत याच कारणास्तव 21 जुलै रोजी माघार घ्यावी लागली. त्यांच्या जागी आलेल्या कमला हॅरिस यांना प्रायमरीत एकाही प्रतिस्पर्ध्याशी सामना करावा लागला नाही. त्या अटीतटीच्या सातही राज्यांत हरल्या. कदाचित कोणीही हरले असते. परंतु कोण हरला असता व कोण तरला असता हे अजमावण्याचे जे एकमेव साधन त्या देशाने निर्माण केले आहे, ते त्या वर्षी वापरलेच गेले नाही.

म्हणून 2028 च्या उमेदवारांची परीक्षा करताना आमच्या मते त्यांचे चेहरे, गोत्र आणि आजच्या मतचाचण्या यांपेक्षा दोन गोष्टींना अधिक वजन द्यावे. पहिली, ज्या राज्यांत निकाल दोलायमान असतो तेथे, प्रतिकूल मतदारांपुढे उभे राहून, त्या उमेदवाराने प्रत्यक्ष किती मते मिळविली. दुसरी, त्याच्या मर्मावर पहिला घाव पडला तेव्हा तो काय बोलला. केनेडींनी वेस्ट व्हर्जिनियात या दोन्ही परीक्षा मे महिन्यातच देऊन टाकल्या होत्या. केरी यांची दुसरी परीक्षा ऑगस्टात झाली आणि तोवर उमेदवार बदलण्याची वेळ निघून गेली होती.