कमानीखालचा काळोख

नागोठण्याचा अंबा नदीवरचा दगडी पूल कुलाबा गॅझेटिअरनुसार १५८० सालचा. कमानींच्या आतल्या चिऱ्यांचे सांधे फोटोत नोंदवून ठेवावेत, म्हणून मी उन्हाळ्यात पात्रात उतरून १२० फिल्मचा एक रोल खर्च केला. बाराही निगेटिव्हमध्ये कमानीखाली नुसता धुरकटपणा होता. मी आधी फिल्मला दोष दिला, मग धुलाईला. दोष दोन्हींत नव्हता.

सूर्य पाठीशी होता, म्हणून मी हूड लावला नव्हता. चूक तिथेच झाली. पुलावर पांढरेफटक आभाळ होते, आणि चौकटीबाहेरचे आभाळही कॅमेऱ्यात शिरतेच. फिल्मवरची चौकट साधारण ५६ × ५६ मिलिमीटर. भिंगाची प्रतिमा मात्र गोल. चारही कोपरे झाकायचे तर त्या वर्तुळाचा व्यास किमान ७९ मिलिमीटर हवा. क्षेत्रफळाचा हिशेब केला, तर वर्तुळाचा निदान ३६ टक्के भाग फिल्मबाहेर, कॅमेऱ्याच्या आतल्या भिंतींवर पडतो.

भिंगाच्या पृष्ठभागांवरही प्रकाश उसळतो. लेप नसलेली काच दर पृष्ठभागाला सुमारे ४ टक्के प्रकाश परतवते. त्यावरचा लेपाचा उपाय झाइसच्या स्माकुला यांनी १९३५ साली शोधला. पण भिंतींवरून उसळणारा प्रकाश लेपाने थांबत नाही.

तपासणी सोपी आहे. फिल्म काढून मागचे दार उघडावे, शटर ‘बी’वर उघडे धरावे, कॅमेरा आभाळाकडे रोखावा आणि फिल्मच्या जागेवरून आत पाहावे. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा तळ चकाकत होता. प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे वरच्या आभाळाचा उजेड तळावरच येतो, आणि तिथला काळा रंग झिजून गुळगुळीत झाला होता.

मग खोक्याला आतून काळी मखमल लावली, पुढे लहानसे भोक पाडले आणि खोके आभाळासमोर ठेवले. असे भोक काळ्या कापडापेक्षाही काळे दिसते. एकाच एक्स्पोजरने तीन फोटो घेतले: हूडविना, गोल हूडसह, चौकोनी हूडसह. निगेटिव्हमध्ये भोकाची जागा फिल्मच्या कोऱ्या कडेइतकी पारदर्शक हवी. हूडविना ती चांगलीच काळवंडली होती. गोल हूडने बरीच सुधारली, चौकोनीने त्याहून अधिक, कारण चौकोनी तोंड चौकटीबाहेरचे आभाळ जास्त छाटते. उरलेली काजळी तळाला मखमल चिकटवल्यावर गेली.

हूड किती लांब असावा? भिंग अनंतावर फोकस करून, छिद्र पूर्ण उघडून, चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यातून बाहेर पाहावे. हूडची कड दिसू लागण्याच्या किंचित आधी थांबावे.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी उभा राहिलो. या वेळी कमानीखाली काळोख होता, आणि त्या काळोखात चिऱ्यांचे सांधे मोजता येत होते.