तांबडी शाई

"अगं, त्या लोकांना इंग्रजी शिकवायला साहेब मिळाले नाहीत का?" मी कोरियाला निघाले तेव्हा आमच्या आत्याबाईंनी विचारले होते. मी हसले. पण तेगू शहरात पोचल्यावर कळले की, तिथल्या पालकांनाही नेमका हाच प्रश्न पडलेला आहे!

त्यांची तरी काय चूक म्हणा! इंग्रजी शिकवण्याचा परवाना तिथे मुख्यतः सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० च्या जानेवारीत भारत-कोरिया आर्थिक करार लागू झाला आणि अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांसाठी हे दार थोडे किलकिले झाले. त्या फटीतून मी २०१६ साली आत शिरले. हुद्दा सहायक शिक्षिकेचा, करार एका वर्षाचा.

पहिल्याच दिवशी घोटाळा. दाराशी बूट काढायचे एवढे मला कळले. आपल्याकडे तीच रीत. पण पुढे अनवाणी जायचे नसते, आतल्या सपाता घालायच्या असतात, हे कोणी सांगितले नव्हते. शिपायाने दिलेल्या भल्यामोठ्या सपातांतली एक जिन्यातून निसटली ती थेट मुख्याध्यापकांच्या पायाशी! वर्गात शिरते तो मुले मुठी वळून ओरडली, "ह्वायटिंग!" भांडणच जुंपले असे वाटून मी दोघांना दूर केले. ते इंग्रजी 'फायटिंग' होते. कोरियात त्याचा अर्थ 'शाब्बास, हिंमत धरा!'

त्यांच्या भाषेत ओठावर दात टेकवून म्हणायचा 'एफ' नाही. कॉफीची 'खॉपी' होते. आता आपल्या फणसातला 'फ' तरी कुठे दातांचा? मलाही तो उच्चार शाळेत पट्टी खाऊनच आला होता. त्यामुळे मुलांची अडचण मला बरोबर कळे. खिडकीजवळचा एक मुलगा मात्र तोंडच उघडीत नसे. विचारले की मान खाली.

जेवणाचे हाल सांगत नाही. सुक्या मासळीच्या पाण्याशिवाय तिथे साधे सारदेखील होत नाही, एवढ्यावरून ओळखावे.

मे महिन्यात पालकांसमोर पाठ घ्यायचा होता. मागे ओळीने आया बसलेल्या. मी मुलांचे दोन गट केले, आणि पुण्यात वीस वर्षे तांबडी शाई चालवलेला हात तो! सगळ्यांची नावे फळ्यावर ठसठशीत तांबड्या अक्षरांत लिहिली. वर्ग चिडीचूप. खिडकीजवळचा मुलगा एकदम रडू लागला. माझ्या जोडीच्या कोरियन बाई धावल्या आणि त्यांनी नावे हातानेच पुसून काढली. तांबड्या शाईत मेलेल्या माणसांची नावे लिहितात, अशी तिथली समजूत. आणि त्या मुलाचे आजोबा गेल्याला पंधरा दिवसही झाले नव्हते.

काय करावे सुचेना. शेवटी मी निळी कांडी घेतली, त्याच्यासमोर दोन्ही हात जोडून मान लववली आणि त्याचे नाव पुन्हा लिहिले. चुकत होते. तो उठला आणि स्वतः दुरुस्त करून गेला. माझी चूक सुधारण्यासाठी का होईना, पोर जागचे उठले!

पाठानंतर पालकांनी विचारले ते शाईबद्दल नाहीच. बाईंचे इंग्रजी अमेरिकन आहे का, एवढेच. वर्षअखेरीस करार वाढला नाही. कारण लेखी मिळाले: "तरतूद नाही." जोडीच्या बाईंनी ते मला वाचून दाखवले, आणि वाचताना एकदाही माझ्याकडे पाहिले नाही.

फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत मी बसची वाट पाहत उभी होते. तो मुलगा धावत आला. एक चिठ्ठी दिली. वर माझे नाव, निळ्या शाईत. मग वरचे दात खालच्या ओठावर घट्ट रोवून, डोळे मिटून तो म्हणाला,

"टीचर, फायटिंग!"

'एफ' अगदी दातांचा होता. बस आली, आणि घाईत माझी छत्री मात्र थांब्यावरच राहिली.