सिंगापूरचा कायदा : ऐकीव आणि खरा

एखाद्या भीषण गुन्ह्याची बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी लिहितेच, 'आपल्याकडे सिंगापूरसारखे कायदे हवेत.' गंमत अशी, की सिंगापूरकडे मुळात आपलाच कायदा आहे. मेकॉलेच्या मसुद्यातून १८६० मध्ये झालेली भारतीय दंडसंहिता इंग्रजांनी १८७१ मध्ये थोड्याफार फरकाने तिकडे मंजूर केली. कलमांचे आकडेही तेच. १ जुलै २०२४ ला न्याय संहिता आली आणि आपले ३०२, ४२० गेले. सिंगापूरच्या कोर्टात मात्र खुन्याला आजही ३०२ लागते आणि ठकसेनाला ४२०.

वेताचे फटकेही इंग्रजी अमदानीतलेच. आपण १९५५ मध्ये कायदा करून ते बंद केले, सिंगापूरने ठेवले, वर वाढवले. १९९४ मध्ये मोटारींवर रंग फवारणाऱ्या मायकेल फे या अमेरिकी तरुणासाठी खुद्द क्लिंटननी रदबदली केली, तेव्हा कुठे सहाचे चार फटके झाले. बायकांना आणि पन्नाशी उलटलेल्यांना ही शिक्षा नाही. 'च्युइंगगम खाल्ले की फटके' ही तर लोणकढीच. १९९२ पासून बंदी आहे ती आयातीवर आणि विक्रीवर. चघळणे हा गुन्हा नाही.

'फाशीच्या धाकाने तिथे खून होत नाहीत', हे सर्वांत पक्के बसलेले मत. पण तिथल्या बहुतेक फाशी अमली पदार्थांच्या तस्करीसाठी असतात. १५ ग्रॅमच्या वर शुद्ध हेरॉइन असले की प्रकरण फाशीपर्यंत जाऊ शकते. खुनांचे म्हणाल, तर हाँगकाँगकडे पाहावे. तशीच दाट वस्ती, तसाच इंग्रजी वारसा, पण १९६६ नंतर तिथे एकही फाशी नाही. झिमरिंग, फेगन आणि जॉन्सन या अभ्यासकांनी २०१० मध्ये दोन्ही शहरांची अनेक वर्षांची आकडेवारी शेजारी ठेवली. सिंगापुरात फाशींचे प्रमाण चढले, मग कोसळले. खुनांचा आलेख मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच उतरत गेला. मला विचाराल तर आपण हेवा करावा तो तिथल्या तपासाचा आणि झटपट लागणाऱ्या निकालांचा. फासाचा दोर आपल्याकडेही आहेच.

आणि गुन्हे तिथेही होतात. २०२४ मध्ये ऑनलाइन व फोनवरच्या फसवणुकीत लोकांचे शंभर कोटी सिंगापूर डॉलरहून अधिक गेले, त्यातले बरेचसे त्यांनी स्वतःच्या हाताने पाठवलेले. २०२५ मध्ये संसदेने अशा ठकांनाही वेताचे फटके मंजूर केले. पण यातल्या अनेक टोळ्या परदेशात बसून फोन लावतात. वेत बहुधा त्यांना आपले बँक खाते भाड्याने देणाऱ्या स्थानिकांच्याच वाट्याला येईल.