जुन्या वस्तूचं वय तिच्या अंगावरच

मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नवा माल आला, की गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला असतो : ‘हे खरंच जुनं आहे का?’ वस्तू कुठल्या वाड्यातून आली, कोणाच्या घरातून निघाली, हे विक्रेता सांगतो. ते खरंही असेल, पण आपल्याला पडताळता येत नाही. पडताळता येतो तो पदार्थ. धातू, कागद, लाख, रंग यांच्यावर हवा, ओल आणि उजेड यांचा परिणाम वर्षानुवर्षं होत असतो आणि त्याच्या खुणा मागे राहतात. त्यातल्या बऱ्याच खुणा वाचायला एक भिंग आणि नोटा तपासायची अतिनील टॉर्च पुरते.

सुरुवात तांब्या-पितळेपासून करू. तांब्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला, की आधी तांबूस तपकिरी ऑक्साइडचा थर येतो. पुढे ओलावा आणि हवेतली गंधकाची संयुगं यांच्यामुळे त्यावर हिरवट क्षार तयार होतात. समुद्रकाठी त्यात क्लोराइडही मिसळतात. या थराला जाणकार ‘पॅटिना’ म्हणतात. सावकाश बनलेला पॅटिना धातूला घट्ट धरून असतो. कोरीवकामाच्या खाचांत तो दाट दिसतो, तर हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या कडांवर विरळ. नवसागर किंवा व्हिनेगर लावून घाईने आणलेला हिरवेपणा बहुधा सगळीकडे सारखा असतो आणि बोटाने चोळला तर निघतो.

मात्र भुकटी दिसली म्हणजे वस्तू नकली, असंही समजू नये. जुन्या काशाच्या मूर्तीत क्लोराइड शिल्लक असेल, तर दमट हवेत त्याची अभिक्रिया चालूच राहते आणि फिकट हिरव्या पुडीचे ठिपके उमटतात. हा धातूचा रोगच आहे, तो आतून पोखरत जातो. अशी वस्तू कोरड्या जागी वेगळी ठेवून संवर्धन तज्ज्ञाला दाखवावी.

जुन्या बाजारात रविवर्म्यांच्या तसबिरींनाही मोठी मागणी असते. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं दगडावरून छापली जात. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड आणि एकावर एक छपाई. त्यामुळे भिंगाखाली रंगांचे ठिपके लहानमोठे, अनियमित दिसतात. आजच्या ऑफसेट प्रतीत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाईंचे ठिपके ठरावीक अंतरावर, जाळीसारखे मांडलेले असतात. कागदाची साक्ष वेगळी काढता येते. साधारण १९५० नंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालू लागले. अतिनील प्रकाशात ती निळसर उजळतात. ‘एकोणिसाव्या शतकातली’ तसबीर अशी उजळली, तर तो कागद त्या शतकातला नव्हे.

ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या तर आपल्या रानातल्या किड्याची देणगी आहेत. पळस, कुसुम, बोर या झाडांवर पोसणारा लाखेचा किडा जी राळ सोडतो, त्यापासून शेलॅक बनतं; त्यात खनिजाची बारीक पूड मिसळून तबकडी दाबली जाई. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचा आवाज मुद्रित झाला, तेव्हापासून भारतात या तबकड्यांचं युग सुरू झालं. अमेरिकेत १९४८ साली व्हिनाइलची एलपी आली, तरी भारतात शेलॅकच्या तबकड्या १९६०च्या दशकातही निघत होत्या. म्हणून ७८ ची तबकडी दिसली की ती शंभर वर्षांची, असं धरून चालू नये. शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. स्पिरिटने पुसलेल्या तबकडीचे खोबणीतले सूर कायमचे जातात.

एका वस्तूबाबत मात्र सावध राहायला हवं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या काही घड्याळांचे काटे आणि आकडे रेडियम मिसळलेल्या रंगाने रंगवलेले असत. त्यातलं झिंक सल्फाइड निकामी झाल्यामुळे ते आज चमकत नाहीत, पण रेडियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १६०० वर्षं आहे. किरणोत्सार तसाच चालू असतो. असं घड्याळ उघडू नका, तबकडी खरवडू नका. रंगाची धूळ श्वासातून शरीरात गेली तर खरा धोका.

कायद्याचंही भान हवं. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार किमान १०० वर्षं जुन्या वस्तू आणि ७५ वर्षं जुनी मोलाची हस्तलिखितं पुरावस्तू ठरतात. धातू-दगडाच्या मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी बंधनकारक आहे आणि पुरावस्तू खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत.

वस्तू घरी आणल्यावर तिला चिंच-मीठ लावून लखलखीत करायचा मोह होतो. रोजच्या वापराच्या भांड्यांना ते ठीक आहे. शंभर वर्षांच्या समईला नाही. तो थर बनायला पिढ्या लागतात आणि एका घासणीत तो जातो. पुन्हा आणता येत नाही. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसा, आणि त्यापुढे काही करण्याआधी जाणकाराला विचारा.