मागल्या बाकावरची मुलगी

कन्याशाळेंत शिकवीत असतां एक हुशार मुलगी अकस्मात् पहिल्या बाकावरून मागल्या बाकावर गेली. हनुवटीवर केस आल्यामुळें मुली तिला हंसत. मीं मात्र तिला आळशी म्हटलें. पुढें पुतणीस बीजांडकोशाचा विकार, पीसीओएस, जडला, तेव्हां माझी चूक मला उमगली.

शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथॉल यांनीं १९३५ सालीं याचें वर्णन केलें. यांत पुरुषी संप्रेरकें वाढतात. पाळी अनियमित होते, मुरुमें व केस येतात, पुष्कळदां वजनही वाढतें. त्यासवें मनही खचतें. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनें अशा रुग्णांत खिन्नता व चिंता यांची तपासणी करण्यास सांगितलें आहे.

घरच्यांनीं काय करावें? दोष देऊं नये. वजनाची थट्टा व ‘लग्न कसें होणार?’ हा प्रश्न, दोन्ही वर्ज्य करावीं. रोजचें चालणें व पुरेशी झोंप मनास उभारी देतात. मुलीसवें आपणही चालावें. खिन्नता दोन आठवडे हटली नाहीं, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. सरकारी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

कोणी मुलगी मागल्या बाकावर गेली, तर रागावूं नका. जवळ बसून कारण विचारा. मीं तें विचारलें नाहीं.